रिपोर्टमधल्या ‘कॉर्कस्क्रू’ वाहिन्या: बंद धमनीच्या भिंतीतून पायाला मिळणारं रक्त

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचे मोठे भाऊ ३६ वर्षांचे, यंत्रमागावर काम करतात, शाळेच्या वयापासून विडी ओढतात. डाव्या पायाचा अंगठा काळसर पडलाय आणि रात्री असह्य ठणकतो. सीटी अँजिओग्राफीत गुडघ्याखालच्या तिन्ही धमन्या बंद दिसल्या आणि रिपोर्टमध्ये ‘कॉर्कस्क्रू कोलॅटरल्स’ (बूच काढायच्या स्क्रूसारख्या पिळाच्या पर्यायी वाहिन्या) असे शब्द आले. डॉक्टरांनी सांगितलं की या धमनीच्या भिंतीतल्याच बारीक वाहिन्या आहेत, त्या आता मोठ्या झाल्या आहेत. तुम्ही विचारता की या वाहिन्या चांगल्या की वाईट, त्या वाढवता येतात का, आणि अँजिओप्लास्टी करून मूळ धमनीच का उघडत नाहीत.

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. या वाहिन्या चांगल्या आहेत. भावाचं पाऊल आज जे काही जिवंत आहे ते बऱ्याच अंशी त्यांच्यामुळे. त्या एकट्यानं पाऊल सांभाळायला सहसा कमी पडतात, पण त्यांना वाव मिळाला तर फरक पडतो. आणि तो वाव मिळणार की नाही हे कुठल्याही औषधापेक्षा किंवा ऑपरेशनपेक्षा तंबाखू सुटते की नाही यावर जास्त अवलंबून आहे. हे वाक्य तुम्ही आधीही ऐकलं असेल, म्हणून ते का खरं आहे हे नीट उलगडून सांगणं मला जरुरीचं वाटतं.

धमनी म्हणजे नुसती नळी नाही, तिची भिंत जिवंत आहे. आत पातळ अस्तर, मध्ये स्नायूंचा थर, बाहेर तंतूंचं आवरण. धमनीतून धो धो रक्त वाहत असलं तरी त्यातला प्राणवायू भिंतीत साधारण अर्धा मिलिमीटरपर्यंतच झिरपतो. त्यापलीकडच्या थराला वेगळा पुरवठा लागतो आणि तो करणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना वैद्यकात ‘वासा वासोरम’ म्हणतात. त्या बहुधा त्याच धमनीच्या एखाद्या फांदीतून निघतात, बाहेरच्या आवरणात शिरतात आणि धमनीच्या अंगाला लागून लांबवर पसरतात. निरोगी माणसात त्या इतक्या बारीक असतात की साध्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत.

तुमच्या भावाचं चित्र बर्जरच्या आजाराचं वाटतं. निदान प्रत्यक्ष तपासूनच पक्कं करायचं असतं, पण तरुण वय, तंबाखू, गुडघ्याखाली सुरू झालेला अडथळा आणि या पिळाच्या वाहिन्या, सगळं त्याच दिशेनं जातं. १८७९ मध्ये फॉन विनिवार्टर यांनी अशा एका रुग्णाचं वर्णन केलं होतं. पुढे १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमध्ये लिओ बर्जर यांनी कापाव्या लागलेल्या अकरा पायांतल्या रक्तवाहिन्या तपासून आजाराचं सविस्तर वर्णन केलं. तेव्हापासून त्यांचं नाव त्याला चिकटलं.

या आजारात धमनीच्या आत दाह पेशींनी भरलेली गुठळी होते आणि धमनी बुजते. पण भिंतीची रचना बऱ्यापैकी शाबूत राहते. आतल्या अस्तराखाली एक लवचिक पडदा असतो. दाहाच्या इतर अनेक आजारांत तो फाटतो, इथे तो सहसा टिकतो. म्हणजे मधून रस्ता बंद झालेला असतो, पण भिंत कोसळलेली नसते आणि भिंतीतल्या बारीक वाहिन्या जागेवर असतात. वरच्या बाजूला, जिथे धमनी अजून चालू आहे, तिथे रक्ताचा दाब चांगला असतो. खाली, अडथळ्यापलीकडे, तो पार उतरलेला असतो. या दोन टोकांना जोडणाऱ्या ज्या काही बारीक वाटा आधीपासून आहेत त्यांच्यातून रक्त जोरानं जाऊ लागतं. जोरानं वाहणाऱ्या रक्ताचं घर्षण वाहिनीच्या अस्तराला जाणवतं आणि वाहिनी रुंद होऊ लागते. पण ती फक्त रुंद होत नाही, लांबही होते. दोन्ही टोकं जागेवर बांधलेली असल्यामुळे वाढलेली लांबी मावायला जागा नसते, म्हणून ती वळणं घेते. रेडिओलॉजिस्टनं लिहिलेला ‘कॉर्कस्क्रू’ शब्द याच वळणांसाठी आहे. स्पेनचे डॉक्टर मार्तोरेल यांच्या नावानं ही खूण ओळखली जाते.

फिल्म हातात घेऊन एकदा नीट बघा. साधी पर्यायी वाहिनी स्नायूतून कुठून तरी वळसा घेऊन येते. ही पिळाची वाहिनी मात्र बंद पडलेल्या धमनीच्याच वाटेनं, तिला बिलगून उतरते. जिथे पोटरीतली मागची धमनी दिसायला हवी होती तिथे एका जाड रेषेऐवजी बारीक वेटोळ्यांची माळ दिसेल. काही वेळा शेजारून जाणाऱ्या चेतातंतूला रक्त देणाऱ्या वाहिन्याही अशाच फुगतात, त्यामुळे दिसणारं प्रत्येक वेटोळं भिंतीतलंच असेल असं नाही. उपचाराच्या दृष्टीनं त्यानं फरक पडत नाही. कलर डॉपलरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, मधली धमनी काळी, निपचित पट्टी दिसते आणि तिच्या कडेनं लाल-निळे ठिपके किंवा वळणं लुकलुकतात. जपानमध्ये हिरोशिमाच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये याच डॉपलर चित्रांवरून या वाहिन्यांचे आकारानुसार चार प्रकार केले. ज्या रुग्णांत वाहिन्या मोठ्या आणि सापासारख्या लांब दिसत होत्या त्यांच्यात पायाच्या जखमा कमी होत्या, ज्यांच्यात नुसते बारीक ठिपके दिसत होते त्यांच्यात जास्त. त्यामुळे सोनोग्राफी करणाऱ्यांना ‘वाहिन्या आहेत का’ एवढंच विचारू नका, ‘केवढ्या आहेत आणि घोट्यापर्यंत पोहोचतात का’ हेही विचारा.

एक सावधगिरी. अशी वेटोळी दिसली म्हणजे बर्जरच, असं नाही. स्क्लेरोडर्मा, ल्युपस अशा आजारांतही ती दिसू शकतात, काही अमली पदार्थांच्या सेवनातही. म्हणून मधुमेह, कोलेस्टेरॉल, रक्त गोठण्याचे दोष आणि या संधिवात गटातल्या आजारांच्या तपासण्या करून ती नावं बाजूला काढावी लागतात. हृदयातून गुठळी सुटून पायात अडकलेली नाही ना, हे बघायला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही करतात. या तपासण्या तुम्हाला फुकटचा खर्च वाटतील, पण त्या टाळू नका. ल्युपसचा उपचार पूर्ण वेगळा असतो.

आता, वाहिन्या आहेत तर मग अंगठा काळा का पडतोय? याचं उत्तर गणितात आहे. वाहिनीचा व्यास निम्मा झाला तर तेवढ्याच दाबाखाली वाहणारं रक्त निम्मं होत नाही, ते सोळाव्या हिश्श्यावर येतं. पोटरीतली निरोगी धमनी तीन मिलिमीटरची धरली आणि तिचं काम एक मिलिमीटरच्या वाहिन्यांनी करायचं ठरवलं तर तशा ८१ वाहिन्या लागतील, त्याही सरळ आणि तेवढ्याच लांबीच्या. इथे त्या वेड्यावाकड्या, कित्येक पट लांब आणि मोजक्याच असतात. म्हणून रक्त पोहोचतं, पण दाब वाटेतच खर्च होतो. बसून असताना पाऊल कसंबसं भागवतं. चालायला लागलं की तळपायात किंवा पोटरीत गोळा येतो, कारण स्नायूंची मागणी वाढते आणि पुरवठ्याला आणखी वाढायला जागा नसते. रात्री आडवं झालं की पावलाला मिळणारी गुरुत्वाकर्षणाची मदतही जाते. भाऊ रात्री उठून पाय खाटेखाली लोंबकळत ठेवून बसत असतील, पाऊल दोन्ही हातांत धरून. तसं केल्यावर ठणका थोडा कमी होतो. पण रात्रभर पाय लोंबला तर सूज येते आणि सूज त्याच बारीक वाहिन्यांवर दाब आणते. म्हणून खाटेची डोक्याकडची बाजू विटा लावून वर करा, म्हणजे पाय सरळ राहूनही थोडा उतारावर राहील.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. व्यासातला छोटा बदलही प्रवाहात मोठा बदल करतो, आणि तो दोन्ही बाजूंनी. वाहिनी एक मिलिमीटरची सव्वा मिलिमीटर झाली तर प्रवाह जवळजवळ अडीच पट होतो. आकसून पाऊण मिलिमीटर झाली तर तो तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली जातो. निकोटिन वाहिन्या आकसवतं. शिवाय बर्जरच्या रुग्णांत वाहिन्यांच्या अस्तराची सैल पडण्याची क्षमताच कमी झालेली आढळते, वरवर निरोगी दिसणाऱ्या हातापायांतसुद्धा. म्हणजे विडी ओढली की त्या पायाचा उरलेला एकमेव रस्ता अरुंद होतो, आणि दाह चालू राहिल्यामुळे नवी गुठळी कधी त्या रस्त्याच्या तोंडाशीच येऊन बसते. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकच्या रुग्णांचा १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या आजारात सतत सांगितला जातो. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांपैकी शंभरातल्या चाळीसहून अधिक जणांचा पायाचा किंवा हाताचा काही भाग कापावा लागला. सोडणाऱ्यांपैकी सुमारे ९४ टक्के त्यातून वाचले. इतका फरक पाडणारं औषध या आजारात माझ्या माहितीत नाही.

आणि ‘सोडली’ म्हणजे पूर्ण सोडली. दिवसाला दोनवर आणली, हा हिशेब या आजारात चालत नाही. विडी सोडून गुटखा किंवा मळलेली तंबाखू धरली तरी निकोटिन तेच. आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास सुटून जाते, ती म्हणजे मिश्री. सकाळी भाजलेली तंबाखू दातांना लावायची सवय कित्येक घरांत असते आणि कुणी तिला व्यसनात धरत नाही. ओपीडीत ‘तंबाखू खाता का’ विचारलं की उत्तर ‘नाही’ येतं, ‘दात कशानं घासता’ विचारलं की मिश्री बाहेर येते. तपकिरीचंही तसंच. घरात दुसरं कुणी ओढत असेल तर त्यांनीही निदान घरात ओढू नये. निकोटिनचे च्युइंगगम आणि पट्ट्या इतरांना उपयोगी असल्या तरी या आजारात शक्यतो टाळतात, कारण त्यातही निकोटिनच असतं. त्याऐवजी इच्छा कमी करणाऱ्या गोळ्या मिळतात, त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं घ्याव्यात. राष्ट्रीय क्विटलाइनचा १८००-११-२३५६ हा टोल फ्री क्रमांक आहे, तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. भावाला ओरडू नका, हे मात्र कळकळीनं सांगतो. असह्य ठणका असलेला माणूस विडी मागतो कारण दोन मिनिटं तिच्यात जातात. आधी वेदना नीट आटोक्यात आणा. गोळ्यांनी भागत नसेल तर भूलतज्ज्ञ पायाच्या चेतातंतूंना ब्लॉक, म्हणजे बधिर करणारं इंजेक्शन, देऊ शकतात. झोप लागायला लागली की सोडणं शक्य होतं.

मूळ धमनीच का उघडत नाहीत, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. बायपासला, म्हणजे अडथळ्याला वळसा घालून रक्ताला नवी वाट जोडायला, वरून रक्त आणणारी धमनी लागते आणि खाली ते सोडायला चांगली, मोकळी धमनी लागते. बर्जर हा टोकाकडून वर चढणारा आजार असल्यामुळे खालची धमनीच सापडत नाही. काही रुग्णांत घोट्याजवळ एखादी शिल्लक असते, तेव्हा बायपास होतो, आणि तंबाखू सुटली असेल तर टिकतोही. अँजिओप्लास्टी, म्हणजे बारीक तारेवरून फुगा नेऊन धमनी उघडणं, अलीकडे अनुभवी हातांत जास्त केली जाते आणि निवडक रुग्णांत जखम भरेपर्यंतचा काळ ती मिळवून देते. पण इथे एक धोका आहे. तार पुढे सरकवताना ती बंद धमनीत जाण्याऐवजी या पिळाच्या वाहिनीत शिरू शकते. ती वाहिनी नाजूक असते, फुटू शकते, बुजू शकते, आणि मग प्रयत्नाआधी जेवढं रक्त पोहोचत होतं तेवढंही उरत नाही. म्हणून एखाद्या सर्जननं फिल्म पाहून ‘इथे तार घालणार नाही’ असं म्हटलं तर त्यांनी हात टेकले असं समजू नका. त्यांनी तो निर्णय का घेतला हे विचारा. उत्तरात या वाहिन्यांचा उल्लेख आला तर तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे.

औषधांत प्रोस्टाग्लँडिन गटातल्या इंजेक्शनांना चांगला आधार आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत याच गटातलं आयलोप्रोस्ट रोज सलाइनमधून २८ दिवस दिलं. ८५ टक्के रुग्णांना वेदनेपासून आराम पडला किंवा जखम भरली. नुसतं ॲस्पिरिन घेणाऱ्यांत हे प्रमाण १७ टक्के होतं. ही औषधं वाहिन्या सैल करतात, म्हणजे याच बारीक वाटांमधून काम करतात. सिलोस्टाझोलच्या गोळ्या दिल्या जातात, पण हृदय कमजोर असेल तर त्या चालत नाहीत. कमरेच्या सिम्पथेटिक चेतातंतूंचं, म्हणजे वाहिन्या आकसवणाऱ्या चेतातंतूंचं, ऑपरेशन (सिम्पथेक्टमी) जुनं आहे. त्यानं कातडीचं रक्त थोडं वाढतं, वेदना कमी होते, वरवरची जखम भरायला मदत होते. स्नायूंचं रक्त मात्र फारसं वाढत नाही, त्यामुळे चालण्याचं अंतर वाढेल ही अपेक्षा धरू नये.

नव्या वाहिन्या ‘उगवण्याचे’ उपचार तुम्हाला कुणीतरी सुचवतीलच. ही कल्पना मला मनापासून आवडते, म्हणूनच तिच्याबद्दल जपून बोलतो. वाहिन्या वाढवणाऱ्या जनुकाची इंजेक्शनं पायात देऊन पाहण्याची एक मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. रुग्ण पाचशेहून जास्त होते. २०११ मध्ये निकाल आला आणि पाय वाचण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. स्टेम सेलचं एक भारतीय उत्पादन बंगळुरूत तयार होतं, त्याला आपल्या औषध नियंत्रकांची मंजुरी आहे आणि बर्जरच्या रुग्णांत ते वापरलं जातं. ते महाग आहे. तंबाखू सुटलेली नसताना त्यावर पैसे घालू नका असं मी स्पष्ट सांगेन. आणि मंजुरी नसलेलं, कुठल्यातरी क्लिनिकमध्ये घरच्या घरी ‘बनवलेलं’ स्टेम सेल इंजेक्शन कुणी देऊ केलं तर तिथून उठून या.

मधुमेही वडिलांच्या किंवा काकांच्या पायाच्या ब्लॉकेजशी भावाची तुलना घरात होत असेल. तो आजार वेगळा आणि तिथे या भिंतीतल्या वाहिन्यांचं वागणंही वेगळं. चरबीचा थर साचून भिंत जाड झाली की आतल्या भागाला प्राणवायू पुरत नाही. मग या वाहिन्या बाहेरून आत, थेट त्या थरात वाढतात. तिथल्या नव्या वाहिन्या कच्च्या असतात, गळतात, कधी थराच्या आतच रक्तस्राव होतो आणि थर एकदम फुगतो. म्हणून त्या रुग्णांत आम्ही त्यांच्याकडे काळजीनं बघतो. भावाच्या पायात त्यांना जपायचं आहे.

जपायचं म्हणजे रोजच्या वागण्यातही. गरम पाण्याची पिशवी नको. चांगल्या पायाला ऊब लागली की रक्त वाढून उष्णता वाहून नेतं, या पायाला ते जमत नाही आणि कातडी भाजते. पाय गार वाटला तर सैल लोकरी मोजे घाला. पोटरीवर घट्ट पट्टी, क्रेप बँडेज, घट्ट इलॅस्टिकचे मोजे नकोत. जोरानं तेल मालिश नको. अनवाणी चालणं नको, बागेतसुद्धा. नखं सरळ कापा, कोपरे कोरू नका, कुरूप असेल तर ब्लेड लावू नका.

काळ्या अंगठ्याबाबत घाई आणि दिरंगाई दोन्ही घातक. तो कोरडा, सुकलेला, वास नसलेला असेल आणि काळ्या आणि निरोगी कातडीमधली सीमा हळूहळू स्पष्ट होत असेल तर लगेच कापायला जाऊ नये. रक्त पुरेसं नसताना केलेली जखम भरत नाही, मग बोटामागून चवडा, चवड्यामागून घोटा असं वर सरकत जावं लागतं. आधी तंबाखू बंद, वेदना आटोक्यात, इंजेक्शनं, आणि सीमा ठरू द्यायची. पण बोट ओलं झालं, पू आला, वास आला, लाली वर चढली किंवा ताप आला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तिथे थांबणं म्हणजे पाय पणाला लावणं.

दुसरा पाय आणि दोन्ही हात तपासून घेतले आहेत का? बर्जरमध्ये तक्रार एका पायाची असली तरी आजार बहुतेकदा एकाहून जास्त हातापायांत असतो. हाताची एक सोपी तपासणी डॉक्टर खुर्चीवर बसल्या बसल्या करतात. रुग्णानं मूठ घट्ट आवळायची, डॉक्टरांनी मनगटावरच्या दोन्ही धमन्या अंगठ्यांनी दाबून धरायच्या, मग मूठ उघडायची. तळवा पांढराफटक दिसतो. करंगळीकडची धमनी सोडली की निरोगी हातात काही सेकंदांत गुलाबी रंग भरतो. या वयाच्या विडी ओढणाऱ्या माणसात तो भरला नाही, तर पायाच्या तक्रारीचं निदान हातानं पक्कं होत जातं.

पुढच्या भेटीला जाताना सीटीची फक्त कागदी प्रत नेऊ नका, सीडी न्या. पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजायला सांगा. बर्जरमध्ये आजार फक्त पावलात असेल तर घोट्याचा दाब चांगला येऊन फसवतो. अंगठ्याचा दाब ३० च्या (पाऱ्याचे मिलिमीटर) खाली असेल तर जखम आपोआप भरण्याची शक्यता फार कमी असते. अंगठा फारच दुखरा किंवा काळा असेल तर शेजारच्या बोटावर मोजता येतो. तंबाखू सुटल्यावर दोन-तीन महिन्यांनी तोच दाब, त्याच यंत्रावर, उबदार खोलीत पुन्हा मोजून घ्या आणि दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहून ठेवा. इंजेक्शनं पुढे चालू ठेवायची का, सिम्पथेक्टमी करायची का, बोट कुठे कापायचं, हे निर्णय त्या दोन आकड्यांवरून घेता येतात.